रंगारी काकांची चार मिनिटं

रंगारी काका मला पहिल्यांदा दिसले तेव्हा हा माणूस उभ्या उभ्या गेला की काय, अशी शंका मला आली होती. भिलाईतल्या मरोद्याचा रविवारचा बाजार ऐन भरात होता. टमाटरवाले ओरडत होते, सायकली, स्कूटर आणि पिशव्यांची रेटारेटी चालली होती. त्या सगळ्याच्या कडेला तीन पायांच्या स्टँडवर एक कॅमेरा होता आणि त्याच्या शेजारी एक उंच, सावळा, पांढऱ्या केसांचा माणूस. हातात काळी वायर, वायरीच्या टोकाच्या बटणावर अंगठा दाबलेला. गालावर माशी बसली होती. ती हाकलायलाही त्याचा हात उठला नाही.

माझी स्कूटी नेमकी त्या कॅमेऱ्यासमोर बंद पडली. "अगं बाई, आत्ताच मरायचं होतं का तुला!" असं मी तिला मराठीत ओरडले आणि त्या माणसाला हिंदीत म्हणाले, "सॉरी अंकल, बस हट रही हूँ."

त्याचे ओठ जेमतेम हलले. "आरामानं जा पोरी. चालत रायली तं तू फोटोत येतच नाई."

भरबाजारात अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी ऐकू येणं भिलाईत रोजचं नाही. मी स्कूटी ढकलत बाजूला नेली आणि थांबून राहिले. थोड्या वेळानं त्याने अंगठा उचलला, माशी हाकलली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "झाले चार मिनिट. आता आनखीन चार मिनिट थांबा लागते. कॅमेरा विचार करून रायला." खरंच, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा काळाच होता. मग एकदम फोटो उमटला.

फोटोत बाजार होता. वांग्यांचे ढीग होते, तराजू होते, ताडपत्र्या होत्या. माणूस एकही नव्हता. भर दुपारचा, हिरवट उजेडातला, सुनसान बाजार; जमिनीलगत धुरासारखं काहीतरी वाहत गेलेलं. एका हातगाडीखाली झोपलेलं कुत्रं मात्र केस न् केस मोजता येईल इतकं स्वच्छ आलं होतं. मी आजूबाजूला पाहिलं. तो सगळा गलबला जागच्या जागी होता.

"लोक कुठं गेले?" मी विचारलं.

"लोक चालून रायले ना. जो चालते तो पुसला जाते. जो थांबते तोच राहते."

हिरामण रंगारी आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे, हे मला तेव्हा कळलं. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील पोलादाच्या प्लांटमध्ये लागले म्हणून भिलाईत आले, आणि पुढे काकांनीही तिथेच चौतीस वर्षं क्रेन चालवली. उंचावरच्या केबिनमध्ये एकट्यानं बसायचं, खालून इशारा झाला की टनावारी वजन मुंगीच्या पावलानं सरकवायचं. "लोड झुलला नाई पाहिजे," हे त्यांचं पालुपद. चहाची कपबशीही ते अशी ठेवायचे की आवाज होत नसे. गेट उघडताना, चप्पल काढताना, नातवाला कडेवर घेताना, कुठेच हिसका नाही. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या मुलीने हा कॅमेरा घेऊन दिला आणि चौतीस वर्षांत कमावलेलं ते स्थिरपण त्यांनी त्यात ओतलं.

पुढे मी त्यांची शिष्या झाले. मी जुनवानीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. घरात मी आणि आई. भावाने दिलेला कॅमेरा कपाटात पडून होता, कारण मला ऑटोच्या पलीकडचं काही येत नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी त्याची वरची चकती 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर फिरवली. "ऑटोवर ठेवला तं कॅमेरा तुले पाहाले सांगते. एमवर तू त्याले सांगतं." मग शटरचा आकडा खाली खाली नेत शेवटी 'बल्ब' आला. बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं. भर उन्हात एवढा वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होईल, म्हणून लेन्सपुढे गडद काच. विकतच्या फिल्टरऐवजी काका वेल्डिंगच्या चष्म्याची काच रबरबँडने बांधायचे. त्यामुळेच त्यांचे सगळे फोटो हिरवट, पाण्याखालून पाहिल्यासारखे. काच लावली की आतून काही दिसत नाही. आधी फ्रेम ठरवायची, मग काच चढवायची आणि मग आंधळ्यासारखं मोजत उभं राहायचं. घड्याळ ते वापरत नसत. "एक, थांब. दोन, थांब," असं मनात मोजत. मी मोबाइलवर ताडून पाहिलं आहे. चार मिनिटांत दोन सेकंदांपेक्षा जास्त चूक कधी झाली नाही.

त्यांच्या बायकोला, शकुन काकूंना, या नादाचं काही कौतुक नव्हतं. "यायले जित्ता मानूस दिसत नाई वं माधुरी," त्या मला सांगत. "दिसते तं रिकामा रस्ता. मी चाळीस वर्षं घरात इकडून तिकडं करून रायली, म्हनून यायच्या फोटोत मी कुठीच नाई." काका हसायचे. म्हणायचे, "मंग एक दिवस बस ना चार मिनिट." त्यावर काकू, "बसू केव्हा? कुकर तुमी लावता काय?"

एकदा त्यांनी माझ्या आईचा फोटो काढला. खिडकीजवळ खुर्ची, दोन मिनिटांचा एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं. आई सवयीने हसली. काका म्हणाले, "हासू नका बाई. हासनं दोन मिनिट टिकत नाई. टिकते तेच ठेवा." आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला, निवत गेला. फोटो तयार झाला तेव्हा मी पाहतच राहिले. तो चेहरा माझ्या आईचाच होता, पण मी तो कधी पाहिला नव्हता. बाबा गेले तेव्हाही नाही. आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि साड्यांच्या कपाटात पालथा ठेवून दिला. "चांगला आहे," एवढंच म्हणाली. आजही तो तिथेच आहे.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती उतईच्या रस्त्यावरची.

प्लांटमध्ये असताना काकांची सुट्टी गुरुवारी असायची. निवृत्तीनंतरही त्यांनी गुरुवार सोडला नव्हता. माझी लायब्ररीही गुरुवारी लवकर बंद व्हायची. त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही उतईच्या रस्त्यावरच्या एका बसथांब्यासमोर जायला लागलो. दर गुरुवारी चार वाजता, एकच जागा, एकच फ्रेम. काकांना ऊन कसं सरकतं ते पाहायचं होतं. रस्त्याच्या अलीकडे आमचा स्टँड. पलीकडे थांब्यावर कामावरून परतणाऱ्या लोकांची दाटी, मिनीबस, ऑटो, चहाची टपरी. त्या गर्दीच्या मागे शटर ओढलेलं एक जुनं सायकलचं दुकान, त्याला तीन पायऱ्या.

पहिल्या गुरुवारच्या फोटोत, अपेक्षेप्रमाणे, सगळी गर्दी पुसली गेली होती. पण दुकानाच्या मधल्या पायरीवर एक बाई बसली होती. म्हातारी, पांढरं लुगडं, मांडीवर गाठोडं. बाजारातल्या त्या कुत्र्यासारखीच स्वच्छ.

"ही कोण?" मी म्हटलं. "मी तर पूर्ण वेळ तिकडेच पाहत होते. तिथे कोणी नव्हतं."

"मले बी नाई दिसली," काका म्हणाले आणि विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या गुरुवारी ती पुन्हा होती. तिसऱ्या गुरुवारीही. आम्ही तिन्ही फोटो काकांच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तीच पायरी, तेच गाठोडं, डोक्यावरचा पदर तसाच, मान डावीकडे तेवढीच वळलेली. तीन आठवड्यांत ऊन सरकलं होतं, टपरीची ताडपत्री बदलली होती. ती मात्र तसूभर हलली नव्हती. माझ्या आईच्या दोन मिनिटांच्या फोटोतही श्वासामुळे खांद्याची कड किंचित पुसट झाली होती. या बाईची कड दगडात कोरल्यासारखी होती.

काका बोटाने फोटो सरकवत होते. ते म्हणाले, "जित्ता मानूस चार मिनिट असा बसत नाई. एक तं थो मेला हाय, नाई तं थो कोनाची वाट पाहून रायला."

"काका, प्लीज," मी म्हटलं. मला त्या दिवशी गल्लीतून घरापर्यंत जायलाही नको वाटत होतं, आणि अजून सहाही वाजले नव्हते.

"भेवाचं काम नाई," ते म्हणाले. "आपल्या समोर सतत गर्दी हाय. एक गेला का दुसरा येते. थे त्यायच्या मांगं बसली हाय. आपले डोये गर्दीवर अटकते, कॅमेऱ्याचे नाई अटकत. येत्या गुरुवारी पलीकडं जाऊन पाहू."

पुढच्या गुरुवारी आम्ही स्टँड न लावता रस्ता ओलांडला. घामाच्या, पिशव्यांच्या, टिफिनच्या गर्दीतून वाट काढत मागे गेलो, आणि ती तिथे होती. फोटोत होती तशीच. हाताच्या अंतरावरून तिचा श्वासही मला ऐकू येईना. काका खालच्या पायरीवर टेकले आणि हिंदीत म्हणाले, "माताजी, कहाँ जाना है?"

नजर न हलवता ती छत्तीसगढीत बोलली, "कहूं नइ जांव. बेटा ल अगोरत हंव." कुठेच जायचं नव्हतं, मुलाची वाट पाहत होती. मुलगा सांगून गेला होता, "इहें बइठे रह दाई, झन हालबे, मैं आवत हंव." इथंच बस, हलू नकोस, मी आलोच.

"कब बोला?"

"आज बिहनिया."

आज सकाळी. मी काकांकडे पाहिलं. आमच्यापाशी तीन आठवड्यांचे फोटो होते.

टपरीवाल्याने सांगितलं ते असं. म्हातारीचं नाव केंवरा. चार वर्षांपूर्वी मुलगा तिला दवाखान्यात दाखवून घरी नेत होता. तिला या पायरीवर बसवून तो पाण्याची बाटली आणायला रस्त्यापलीकडे गेला आणि एका ट्रकखाली आला. ती गर्दीच्या मागे होती. तिला काही दिसलं नाही. लोकांनी तिला सांगितलं, मुलाची राख दाखवली, पण मुलाने हलू नको म्हटलं होतं. सून दुलारी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्ये घरकामाला जाते. सकाळी कामावर जाताना म्हातारीला इथे बसवते आणि संध्याकाळी परत घेऊन जाते. घरात ठेवलं तर म्हातारी दारावर डोकं आपटून घेते. "पहले सब पूछते थे," टपरीवाला म्हणाला. "अब किसी को दिखती नहीं."

साडेपाचला दुलारी आली. तिशीतली, थकलेली, भराभर बोलणारी. काकांच्या बॅगेत ते तीन फोटो होते. त्यांनी तिला दाखवले. तिने ते पाहिले आणि विचारलं, "इसमें वो नहीं दिखता?"

"कौन?"

"मेरा आदमी. दाई कहती है, कभी-कभी आता है. पास में खड़ा रहता है, कंधे पे हाथ रखता है."

"नहीं बेटा," काका म्हणाले. "कोई नहीं दिखता."

मार्च संपला आणि भिलाईचं ऊन तापायला लागलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंवरा दाई पायरीवरच बेशुद्ध पडली. डॉक्टरने सांगितलं, आता उन्हात बसवलंत तर वाचणार नाही. दोन दिवस घरात ठेवली, तर कपाळ फुटेपर्यंत दार बडवलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पायरीवर. त्या संध्याकाळी दुलारी पत्ता विचारत काकांच्या घरी आली. हातात एक पिशवी, पिशवीत निळ्या चौकड्यांचा एक शर्ट. तिने काका, काकू आणि मी अशा तिघांसमोर आपलं मागणं मांडलं. काकांनी असा एक फोटो काढून द्यावा, ज्यात तिचा नवरा आईशेजारी उभा असेल. तो दिसला, तो घरी जा म्हणतोय असं सांगितलं, की म्हातारी उठेल.

काका म्हणाले, "नहीं."

ती गेल्यावर मी म्हटलं, "काका, एक फोटोच तर आहे."

"पोरी, चौतीस वर्षं खालच्या मानसाच्या इशाऱ्यावर वजन उचललं. त्यानं खोटा इशारा केला, नाई तं मी खोटं पाह्यलं, तं मानूस मरते. मी खोटं नाई काढत."

"आणि इथे खरं सांगूनच माणूस मरतोय, त्याचं काय?"

ते उठून आत गेले. जेवले नाहीत, असं दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं. दोन दिवसांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मी काही बनवनार नाई. कॉम्प्युटरवर नाई, कायीच नाई. मी सोता जाऊन तिच्याबाजूले उभा राहीन. चारातला एक मिनिट. जितका येळ थांबन तितकाच येईन, अर्धाअधुरा. कॅमेरा जे पाहीन ते खरंच होईन."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोक्याच्या वर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. "अन थो शर्ट?" त्या म्हणाल्या. "मेलेल्याचा शर्ट घालून उभं राहनं, हे खोटं नाई काय? आपन बुद्धाले माननारे लोक. जनमभर पोरीले शिकवलं का भूत नसते. अन आता तुमीच भूत बनून रायले?"

काकांनी शर्टाची घडी उलगडली, पुन्हा घातली आणि पिशवीत ठेवली.

त्या गुरुवारी वायर माझ्या हातात होती. काकांना तो शर्ट पोटावर घट्ट होत होता. त्यांनी फ्रेम लावली, काच चढवली आणि म्हणाले, "दाबलं का मोजाले लाग. एकशे वीसवर मी पोचन, एकशे ऐंशीवर निघन. मले पाहू नको. मोज." मी बटण दाबलं. एक, थांब. दोन, थांब. काका रस्ता ओलांडून गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. मला फक्त पाठी दिसत होत्या, डोक्यावरची ओझी दिसत होती. कुठल्या तरी क्षणी एक मिनीबस सरकली आणि दोन पाठींच्या फटीतून निळ्या चौकड्या दिसल्या. सावळा हात म्हातारीच्या खांद्यावर होता. तिची मान हलली नाही. दुसऱ्याच क्षणी फट बुजली.

दोनशे चाळीसला मी अंगठा उचलला तेव्हा काका माझ्या शेजारी उभे होते. केव्हा आले ते कळलं नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. कॅमेऱ्याचा विचार करून झाला आणि फोटो उमटला.

फोटोत केंवरा दाई नेहमीसारखीच दगडी होती. तिच्या डावीकडे एक माणूस उभा होता आणि त्याच्या अंगातून पायरीची कड आरपार दिसत होती. चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी फिकट सावली होती. शर्टाच्या चौकड्या मात्र ओळखू येत होत्या. काकांनी तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले. "आपलाच फोटो पाहून भेव लागते काय?" ते पुटपुटले.

हिरवा रंग काढून आम्ही तो काळा-पांढरा छापून घेतला. पुढच्या गुरुवारी दुलारीने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. काका आपल्या नेहमीच्या पांढऱ्या सदऱ्यात होते. आम्ही तिघं गर्दीमागे गेलो आणि दुलारीने फोटो म्हातारीच्या हातात दिला. "देख दाई, तोर बेटा आए रहिस. कहिस, घर जा." तुझा मुलगा आला होता, घरी जा म्हणाला.

केंवरा दाईने फोटो डोळ्यांजवळ नेला. चार वर्षांत पहिल्यांदाच, दुलारी नंतर म्हणाली, तिची मान वळली. तिने फोटोतल्या आरपार माणसावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं, थेट काकांकडे.

"ये मोर बेटा नोहे," ती म्हणाली. "ये त तैं हस."

हा माझा मुलगा नव्हे. हा तर तू आहेस.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी हात जोडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण म्हातारी रागावली नव्हती. तिचं बोट फोटोवरून हळूच उजवीकडे सरकलं. तिच्या दुसऱ्या बाजूला, जिथे फक्त बंद शटर होतं, तिथे थांबलं.

"मोर बेटा एती हे."

माझा मुलगा इकडे आहे. आणि ती हसली. तोंडाचं बोळकं, पण पूर्ण हसू. तिने फोटो गाठोड्यात सरकवला, सुनेचा हात धरला आणि उठून उभी राहिली. "फोटू म आ गे हे. अब घरे म रइही. चल बहू, घर जाबो." फोटोत आलाय, आता घरातच राहील. चल, घरी जाऊ.

मिनीबस आली. दोघी चढल्या. पायरीवर, जिथे ती बसायची, तेवढीच जागा गुळगुळीत झालेली दिसत होती. मला उजवीकडे पाहायचं नव्हतं, तरी पाहिलं. शटर, त्यावर जुन्या जाहिरातीचा अर्धा कागद. बाकी काही नाही.

त्यानंतर ती पायरीवर कधी आली नाही. दुलारी काका-काकूंकडे अधूनमधून येत राहिली. म्हातारी जेवते, झोपते, अंगणात बसते, फोटो खाटेसमोर भिंतीवर लावला आहे, असं सांगायची. काकूंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं." तेवढंच.

काकांचं मात्र काहीतरी बदललं. ते उतईच्या रस्त्यावर पुन्हा गेले नाहीत, पण त्या फोटोची एक प्रत त्यांच्याकडे होती. मी गेले की कित्येकदा ते खिडकीशी बसून बारीक अक्षर वाचायच्या भिंगाने ती पाहत असायचे. उजवी बाजू. एकदा न राहवून मी विचारलं, "काय दिसतं काका?"

"शटर दिसते."

"मग रोज काय पाहता?"

भिंग त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं, आवाज न करता. "पोरी, मी चार मिनिट उघडं ठेवलं होतं. तिनं चार वर्षं. मंग कोनाले जास्त दिसन, तूच सांग." मग म्हणाले, "भूत नाई म्हनत मी. भूत नसते. पन आपला एक्स्पोजर कमी पडला असन, इतकं तं मानाच लागन."

त्यानंतर अडीच वर्षांनी, एका जानेवारीत, दुपारी जेवून आडवे झालेले रंगारी काका उठले नाहीत. काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा उशीवर डोकं सरळ होतं, हात छातीवर. आरडाओरड नाही, धडपड नाही. नागपूरहून मुलगी आली, बुद्धवंदना झाली, गल्लीतल्या लोकांनी खांदा दिला.

आठवड्याने काकूंनी मला सांगितलं, "तिकडं उतईले सांगून ये वं. म्हातारीले बी सांग." मी स्कूटीवर गेले. दुलारीचं घर उतईच्या टोकाला, शेणाने सारवलेलं अंगण. केंवरा दाई खाटेवर उन्हात बसली होती. फोटो भिंतीवर होता, त्याची चौकट उन्हाने फिकटली होती. दुलारी काकांचं नाव ऐकून मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

मी म्हातारीजवळ वाकून हिंदीत म्हटलं, "दाई, वो फोटोवाले अंकल नहीं रहे."

"जानथंव," ती म्हणाली. ठाऊक आहे. तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. माझीही नजर तिकडे गेली. चौकड्यांचा शर्ट घातलेला तो आरपार माणूस, खांद्यावर हात ठेवून उभा. मी हा फोटो स्वतःच्या अंगठ्याने काढला होता. त्यात कोण उभं आहे, का उभं आहे, किती सेकंद उभं आहे, सगळं मला माहीत होतं. तरी त्या क्षणी मी एक पाऊल मागे सरकले.

"दूनों झन हें," म्हातारी शांतपणे म्हणाली. दोघंही आहेत. तिने दोन बोटं वर केली, एक डावीकडे नेलं, एक उजवीकडे. "ये ह खड़े हे. ओ ह घलो खड़े हे." हा उभा आहे, तोही उभा आहे.

परत येताना सरळ रस्त्यावरही मी स्कूटी मुंगीच्या पावलानं चालवत होते. काकू दारातच बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. सांगावं की न सांगावं, ठरत नव्हतं. या घरात भूत नसतं, हे मला माहीत होतं.

"काय म्हनली म्हातारी?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. ती फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, की काका तिथे उभे आहेत.

काकू रस्त्याकडे पाहत राहिल्या. दूध घेऊन येणारी माणसं, शाळेतून सुटलेली पोरं, सगळी समोरून जात होती. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"पुढच्या येळी गेली तं तिले सांगजो," त्या म्हणाल्या. "म्हनाव, त्यायले थोडं बसाले जागा दे. गुडघे दुखते त्यायचे."